इम्युनोथेरपी नेमकं काय करते? मामांच्या किडनीच्या कॅन्सरमुळे मला समजून घ्यावी लागलेली गोष्ट

एरवी मी मोबाइलचे प्रोसेसर, यूपीआय, एआय असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय औषधाचा आहे. पण गेल्या वर्षभरात मी जेवढं या औषधाबद्दल वाचलं, तेवढं कुठल्याही चिपबद्दल वाचलेलं नाही. कारण घरचं आहे.

माझे मामा परतूरला असतात. शेती कापूस आणि सोयाबीनची. गेल्या वर्षी त्यांना लघवीतून रक्त गेलं. आमच्याकडं लघवीतून रक्त म्हटलं की पहिला शब्द निघतो 'मुतखडा'. मामांनीही तेच धरलं. दुखत नव्हतं, रक्त चार दिवसांनी आपोआप थांबलं, आणि कापूस वेचणीचे दिवस होते. (इथंच एक सांगून टाकतो: खडा बहुतेक वेळा चांगलाच दुखतो. न दुखता रक्त जात असेल तर ते जास्त काळजीचं, आणि थांबलं म्हणून सोडून द्यायचं नसतं.) तीन महिन्यांनी पुन्हा गेलं, तेव्हा सोनोग्राफी झाली. उजव्या किडनीवर मोठी गाठ. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातही ठिपके. बायोप्सीचा रिपोर्ट आला: क्लिअर सेल कार्सिनोमा, चौथी स्टेज.

डॉक्टरांनी दोन औषधं लिहून दिली. पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. आणि अ‍ॅक्सिटिनिब नावाची गोळी, रोज दोन वेळा. खर्चाचा कागद पाहून मामा गप्प बसले. रात्री मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला आहेस, मला एवढंच वाचून सांग. हे औषध पक्कं काम करतंय का? नसंल तर रान विकून उगं काय फायदा?"

या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही. पण अर्धवट माहितीवर जमीन विकू नये आणि अर्धवट माहितीवर उपचारही सोडू नयेत, म्हणून मी बसलो.

ही केमोथेरपी नाही

मामी सगळ्यांना सांगत होत्या, "यांचं केमो चालू होणार." सलाईन लावायची म्हणजे केमो, असा आपला समज. पण किडनीचा हा कॅन्सर केमोथेरपीला फारसा जुमानतच नाही. म्हणून कित्येक वर्षं डॉक्टरांकडं पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी जवळजवळ काहीच नव्हतं.

एक धागा मात्र जुना होता. अमेरिकेत १९९२ साली इंटरल्यूकिन-२ नावाच्या औषधाला या आजारासाठी मंजुरी मिळाली. हे शरीरातल्या संरक्षक पेशींना चेतवणारं रसायन. त्याचा मोठा डोस इतका जहाल की पेशंटला जवळजवळ आयसीयूसारख्या देखरेखीत ठेवावं लागे, आणि उपयोग थोड्याच लोकांना होई. पण त्या थोड्यांतल्या काहींचा कॅन्सर वर्षानुवर्षं परत आला नाही. म्हणजे हा कॅन्सर केमोचं ऐकत नसला तरी शरीराच्या स्वतःच्या फौजेचं ऐकतो, एवढं तेव्हाच कळलं होतं. फौजेला नीट कामाला कसं लावायचं, ते कळायला पुढची वीसेक वर्षं गेली.

ट्रॅक्टरचे दोन ब्रेक

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. अंगात फिरत राहायचं, प्रत्येक पेशीची तपासणी करायची, विषाणू लागलेली किंवा बिघडलेली पेशी दिसली की मारायची, हे त्यांचं काम. पण ही फौज मोकाट सुटली तर आपल्याच आतड्यावर, सांध्यांवर, थायरॉइडवर चालून जाईल. म्हणून निसर्गानं टी-पेशींना ब्रेक दिलेत.

मामांना हे सांगताना मला ट्रॅक्टर आठवला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला माहीत असतं, त्याला ब्रेकचे दोन पायदान असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. टी-पेशीलाही निदान दोन मोठे ब्रेक आहेत. एकाचं नाव सीटीएलए-४. टी-पेशी कामावर निघण्याआधी, लसिकाग्रंथीत तयार होत असतानाच तो लागतो. दुसरा पीडी-१. पेशी प्रत्यक्ष गाठीपाशी पोचल्यावर हा लागतो. कॅन्सरची पेशी लबाड असते. ती आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन काढून ठेवते, आणि टी-पेशी जवळ आली की त्या प्रथिनानं तिचा पीडी-१ चा ब्रेक दाबते. फौज दारात उभी आहे, पण हलत नाही, अशी अवस्था.

जपानमधल्या क्योटो विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या गटानं १९९२ मध्ये पीडी-१ शोधला. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-४ चा ब्रेक सोडवला तर टी-पेशी गाठ संपवू शकतात, हे उंदरांवर दाखवलं. दोघांना मिळून २०१८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही औषधं म्हणजे पीडी-१ वर जाऊन बसणाऱ्या अँटिबॉडी. ब्रेकच्या पायदानाखाली लाकडाचा ठोकळा घालावा तसं. कॅन्सर कितीही दाबू दे, ब्रेक लागत नाही. इपिलिमुमॅब हेच काम सीटीएलए-४ वर करतं. या औषधांतलं एकही स्वतः कॅन्सरची पेशी मारत नाही. मारतात त्या पेशंटच्याच टी-पेशी. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं, म्हणून ते लक्षात ठेवा.

मग सोबत गोळी कशाला?

क्लिअर सेल प्रकारात बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. हे जनुक चांगलं असताना पेशीला 'हवा पुरेशी आहे' हे कळतं. ते बिघडलं की पेशीला सतत वाटतं आपण गुदमरतोय, ऑक्सिजन कमी पडतोय. मग ती नवीन रक्तवाहिन्या मागवणारे निरोप सोडत राहते आणि गाठीला रक्ताचा भरपूर पुरवठा सुरू होतो. विहिरीला पाणी असूनही शेजाऱ्याच्या रानातून पाइप ओढणाऱ्या माणसासारखं. पेशीला ऑक्सिजन कसा कळतो, या शोधालाही २०१९ चं नोबेल मिळालंय.

अ‍ॅक्सिटिनिब हा पाइप बंद करते. अशा गोळ्या २००५-०६ पासून आहेत, सुनिटिनिब ही त्यातली सगळ्यात वापरलेली. गोळीनं गाठ लवकर आवरते, पण बहुतेकांत ती काही काळानं गोळीला चकवायला शिकते. ब्रेक सोडवणारं औषध सावकाश कामाला लागतं, पण ज्यांच्यात लागलं त्यांच्यातल्या काहींत ते खूप टिकतं. म्हणून जोडी.

"किडनीच काढून टाकली तर?" हा प्रश्न प्रत्येक पाहुण्यानं विचारला. गाठ किडनीपुरती असेल तर ऑपरेशन हाच मुख्य उपाय. पसरल्यावर मात्र आधी ऑपरेशन केल्यानं सगळ्यांना फायदा होतो असं नाही. फ्रान्समधून चालवलेल्या एका मोठ्या चाचणीत २०१८ मध्ये दिसलं, की नुसती सुनिटिनिब घेणारे लोक, आधी किडनी काढून मग सुनिटिनिब घेणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. कोणाला काढायची आणि कधी, हे डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टसह ठरवतात. हिमोग्लोबिन कमी आहे का, कॅल्शियम जास्त आहे का, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वाढल्यात का, माणूस स्वतःचं स्वतः करतो का, निदान होऊन वर्ष झालं का, अशा सहा गोष्टींवरून पेशंटचा गट काढतात. उपचार त्या गटावरून बदलतो. शेजारच्या गावच्या अमक्याला दुसरं औषध दिलं म्हणून आपले डॉक्टर चुकले असं नसतं.

'पक्कं' या शब्दाचं उत्तर

आता मामांचा प्रश्न. पेम्ब्रोलिझुमॅब आणि अ‍ॅक्सिटिनिब या जोडीची ८६१ लोकांवर चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आला. अर्ध्यांना जोडी, अर्ध्यांना सुनिटिनिब. एका वर्षानंतर जोडीवाल्या गटात शंभरातले जवळपास ९० जिवंत होते, दुसऱ्यात ७८. गाठ लक्षणीय आकसली ती जोडीवाल्यांत ५९ टक्क्यांची, सुनिटिनिबवाल्यांत ३६ टक्क्यांची. पण त्याच लोकांचे पाच वर्षांनंतरचे आकडे पाहिले तर ४२ विरुद्ध ३७. म्हणजे सुरुवातीचं अंतर बरंच कमी झालं.

निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब, म्हणजे दोन्ही ब्रेक एकदम सोडवणारी जोडी, १,०९६ लोकांवर तपासली गेली. मध्यम आणि जास्त धोक्याच्या गटात शंभरातल्या ९ जणांची गाठ स्कॅनवर पूर्ण दिसेनाशी झाली. सुनिटिनिबवर १ जणाची. पाच वर्षांनी त्याच गटात ४३ टक्के लोक होते, सुनिटिनिबवर ३१ टक्के.

मी हे मामांना असंच सांगितलं, आकडे न लपवता. म्हणालो, "पक्कं नाही. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी चौथ्या स्टेजला पाच वर्षांची गोष्टच कोणी करत नव्हतं, आता शंभरातल्या चाळीसेक जणांबद्दल करता येते. तुम्ही त्या चाळिसांत असाल का, हे आज कोणी सांगू शकत नाही." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कापसाचं पण असंच असतंय." एक एकर विकलं. बाकीचं औषध कंपनीच्या पेशंट मदत योजनेतून आणि नातेवाइकांकडून जमलं. ही योजना आहे हे आम्हाला हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारल्यावर कळलं. तोवर कोणी आपणहून सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला गरज पडली तर पहिल्याच दिवशी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या आजारासाठी नेमकं काय बसतं, तेही तिथल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या.

काढा नको

इम्युनोथेरपी म्हटल्यावर घरात गुळवेल आली, कसलीशी पावडर आली, कोणीतरी 'इम्युनिटी बूस्टर'चा डबा आणला. कोरोनापासून हा शब्द आपल्या डोक्यात पक्का बसलाय. पण इथं इम्युनिटी 'वाढवायची' नाहीच. एक विशिष्ट ब्रेक सोडवायचाय, आणि तो सोडवल्यावर फौज आधीच जरा जास्त तेज झालेली असते. त्यात लिव्हरवर ताण देणारं काही घेतलं आणि लिव्हरचे रिपोर्ट बिघडले, तर ते औषधामुळं की पावडरीमुळं हे डॉक्टरांना कळत नाही, आणि चालू उपचार थांबवावा लागतो. डबा आम्ही परत केला. पाहुणे थोडे रागावले.

जुलाबाची गोष्ट

हा भाग मी सगळ्यात काळजीपूर्वक लिहितोय, कारण परतूरसारख्या गावात राहणाऱ्या माणसासाठी धोका इथं आहे.

चौथ्या इंजेक्शननंतर मामांना जुलाब लागले. दिवसाला सात-आठ वेळा. उन्हाळा होता, लग्नसराई होती, बाहेरचं जेवण झालं होतं. गावातल्या डॉक्टरांनी जे कोणीही करेल तेच केलं: ओआरएस, जुलाब थांबवायची गोळी, अँटिबायोटिक. त्यांची चूक म्हणता येणार नाही, आम्ही त्यांना कॅन्सरची 'केमो' चालू आहे एवढंच सांगितलं होतं. तीन दिवसांत मामा उठवेनात असे झाले.

आता ते वाक्य आठवा. मारणाऱ्या पेशी पेशंटच्याच असतात. ब्रेक सुटल्यावर त्या गाठीवर जातात, तशा कधीकधी आतड्यावरही जातात. हे जुलाब जंतूंचे नसतात, आपल्याच फौजेनं आतड्याला केलेल्या जखमेचे असतात. अँटिबायोटिकनं ते थांबत नाहीत. त्यांना स्टेरॉइड लागतं, आणि ते वेळेत लागतं. उशीर झाला तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत जाऊ शकतं.

त्यात मामांच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. अ‍ॅक्सिटिनिबच्या गोळीनंही जुलाब होतात. मग कोणामुळं? मी फोन केल्यावर कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलेली युक्ती मला फार आवडली. गोळी शरीरातून काही तासांत उतरते, इंजेक्शन मात्र कित्येक आठवडे अंगात राहतं. म्हणून आधी गोळी बंद करायची. एक-दोन दिवसांत जुलाब कमी झाले तर गोळीचे, नाही झाले तर फौजेचे. पण मामांची अवस्था पाहता त्यांनी घरी वाट बघत बसू दिलं नाही. गोळी बंद करून त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरला आणायला सांगितलं, शंभर किलोमीटरच्या वर. तिथं संडासाची तपासणी झाली, जंतू सापडले नाहीत, जुलाब थांबलेच नाहीत. स्टेरॉइड सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मामांनी भात मागितला. स्टेरॉइड मग महिन्याभराहून जास्त काळ हळूहळू उतरवावं लागलं. बरं वाटतंय म्हणून एकदम बंद केलं तर दुखणं उलटतं.

हे फक्त आतड्याचं नाही. नवा कोरडा खोकला आणि दम म्हणजे फुप्फुसाला सूज असू शकते. कावीळ म्हणजे लिव्हर. खूप थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं म्हणजे थायरॉइड. मामांना पुढं तेही झालं, आता रोज सकाळी थायरॉइडची गोळी चालू आहे, बहुधा कायमची. चक्कर आणि बीपी एकदम पडणं म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी. सगळी लक्षणं रोजच्या आजारांसारखी, म्हणून फसवी. आणि शेवटचं इंजेक्शन होऊन महिने उलटल्यावरही ती येऊ शकतात.

तेव्हापासून मामांच्या शर्टाच्या खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. मी मराठीत आणि इंग्रजीत छापलं: औषधाचं नाव, 'ही केमोथेरपी नाही, इम्युनोथेरपी आहे', कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन, आणि 'नवीन कुठलाही त्रास झाल्यास उपचाराआधी फोन करा'. गावातल्या डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

डोस खरंच एवढा लागतो का?

पैशाचा विचार करता करता मी टाटा मेमोरियलच्या एका चाचणीपर्यंत पोचलो. परळच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या पुढं गेलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर ही चाचणी केली. आपल्याकडं तंबाखू-गुटख्यामुळं घरोघरी दिसणारा हा आजार. सगळ्यांना स्वस्त गोळ्यांचा एक उपचार दिला, आणि अर्ध्यांना त्यासोबत निव्होलुमॅब, पण फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. हिशोब केला तर हा साधारण अठरावा भाग. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के लोक जिवंत होते, निव्होलुमॅबसह ४३ टक्के. निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

एवढासा डोस कसा पुरतो? ब्रेकची पायदानं मोजकी असतात. सगळ्यांखाली ठोकळे बसले की आणखी ठोकळे ओतून उपयोग नाही. अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत डोस देऊन पाहिले होते, आणि टी-पेशींवरचे पीडी-१ जवळपास तितकेच व्यापलेले दिसले.

मी उत्साहानं हे डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी शांतपणे दुसरा पेपर काढला, २०१५ मध्ये छापलेला, खास किडनीच्या कॅन्सरचा. १६८ पेशंट, किलोमागे ०.३, २ आणि १० मिलिग्रॅम असे तीन डोस. ०.३ म्हणजे साठ किलोच्या माणसाला १८ मिलिग्रॅम, जवळजवळ टाटाचाच डोस. गाठ आकसण्याचं प्रमाण तिन्हीत सारखं: २०, २२ आणि २० टक्के. पण निम्मे पेशंट किती काळ जगले, ते पाहिलं तर छोट्या डोसवर १८.२ महिने आणि मोठ्या दोन डोसवर २५.५ आणि २४.७ महिने. ती चाचणी हा फरक सिद्ध करण्याएवढी मोठी नव्हती. तरी डॉक्टर म्हणाले, "पूर्ण डोस परवडत असेल तर मी कमी देणार नाही. काहीच परवडत नसेल, तर कमी डोसबद्दल जरूर बोलू." मला हे पटलं. टाटाच्या चाचणीनं 'काहीच नसण्यापेक्षा थोडं खूप बरं' हे दाखवलं, 'थोडं म्हणजे पूर्णच' हे दाखवलेलं नाही.

त्यात एक व्यवहाराची अडचणही आहे. निव्होलुमॅबची छोटी बाटली ४० मिलिग्रॅमची असते. २० चा डोस परवडायचा तर एकाच दिवशी, एकाच ठिकाणी दोन पेशंट हवेत. परळला ते सहज जमतं. लहान हॉस्पिटलात अर्धी बाटली वाया जाते, किंवा पेशंट एकमेकांना शोधत बसतात.

मामांची मागच्या महिन्यात सीटी झाली. फुप्फुसातले ठिपके दोन सोडून दिसत नाहीत, किडनीवरची गाठ निम्म्यावर आलीय. जुलाबानंतर इंजेक्शन काही आठवडे थांबवलं होतं, आता पुन्हा चालू आहे. पुढची तारीख सोमवारी. मामा आदल्या दिवशी परतूरहून रेल्वेनं निघतील, आणि मामी गाडीत बसायच्या आधी खिशातलं कार्ड तपासतील.